डबी उघडली, पण गोळी पोटात गेली का?

२०२२ च्या पावसाळ्यात टेंपो चालवणारे एक पस्तिशीचे गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी अंगात कसकस, जेवणावरची वासना गेलेली, आणि वजन उतरून ४६ किलोवर आलेले. "धुळीचा खोकला हाय डॉक्टर, एक चांगली बाटली द्या," एवढीच त्यांची मागणी होती. बाटली दिली नाही. बेडका तपासायला पाठवला आणि छातीचा फोटो काढायला सांगितला. बेडक्यात टीबीचे जंतू निघाले.

टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. ती केली. औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळाली. वजनाच्या हिशेबाने रोज तीन गोळ्या, एकाच वेळी. त्या वेळी आमच्या भागात काही रुग्णांना औषधासोबत एक डबी देत असत. ती यांनाही मिळाली. डबीत गोळ्यांची पाकिटे, आणि झाकणाच्या आत एक छोटे यंत्र. ठरलेली वेळ झाली की हिरवा दिवा लागतो आणि बारीक आवाज येऊ लागतो. झाकण उघडले की आवाज थांबतो, आणि यंत्रातले सिमकार्ड "आज इतक्या वाजता डबी उघडली" अशी वर्दी पाठवते. आरोग्य कर्मचाऱ्याच्या फोनवर महिन्याचे कॅलेंडर दिसते. उघडली तो दिवस हिरवा, उघडली नाही तो लाल.

आरोग्य कर्मचाऱ्याने वेळ विचारली. सकाळी आठ, असे ठरले. पंधरा दिवसांनी गृहस्थ दाखवायला आले तेव्हा ताप गेला होता, भूक लागत होती. त्या कर्मचाऱ्याने मला फोनवर कॅलेंडर दाखवले. एकजात हिरवे. महिन्याने पुन्हा पाहिले, तेव्हाही हिरवे. मी मनात खूश झालो. पाठीवर थाप मारली आणि "बेस चाललंय" म्हणून पाठवून दिले.

दोन महिने झाल्यावर नियमाप्रमाणे बेडका पुन्हा तपासला. जंतू तसेच होते.

अशा वेळी डॉक्टरांच्या मनात पहिली भीती येते ती औषधाला न जुमानणाऱ्या टीबीची. नमुना तातडीने पुढच्या तपासणीला गेला. गृहस्थांना मी बोलावून घेतले, समोर बसवले आणि पहिल्यांदाच सावकाश विचारले, "सकाळी आठ वाजता तुम्ही कुठे असता?"

"आठला? वाटंवर असतो की. पहाटं चारला भाजी भरून निघतो."

"मग डबी कोण उघडतं?"

ते जरा ओशाळले. डबी घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असायची. बायको सातलाच मजुरीला बाहेर पडायची. घरात दुसरीत शिकणारी मुलगी आणि आजी. आवाज सुरू झाला की आजी कावायची. मग मुलगी स्टुलावर चढून झाकण उघडायची, लावायची आणि शाळेला जायची. हे तिने रोज नेमाने केले, एक दिवस चुकवला नाही! गृहस्थ एक पाकीट खिशात ठेवत. आठवण झाली तर घेत. रिकाम्या पोटी घेतल्यावर गाडी चालवताना मळमळायचे, म्हणून लांबचे भाडे असले की घेतच नसत.

मी रागावलो. त्यावर ते जे बोलले ते मी विसरलेलो नाही. "डॉक्टर, तुमी कुठं इचारलं? फोन बघितला आन् म्हणलात बेस चाललंय. मला वाटलं तुमाला तिकडनं सगळं दिसतंय."

चूक माझी होती. तीस वर्षे मी टीबीच्या रुग्णाला एक प्रश्न न चुकता विचारत आलो: "लघवीचा रंग कसा आहे?" टीबीच्या औषधातली रिफाम्पिसिन ही गोळी घेतली की काही तासांत लघवी नारिंगी-लालसर होते. हा प्रश्न विचारायला ना वीज लागते, ना रेंज. पण हिरवे कॅलेंडर हाती आले आणि मी तो विचारायचे सोडून दिले.

टीबीचा रुग्ण गोळी घेतो की नाही, हे पाहण्याची एवढी यातायात कशासाठी, असे वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. पण रुग्णाला बरे वाटू लागते ते दोन-तीन आठवड्यांतच. ताप जातो, वजन भरू लागते आणि माणूस म्हणतो, आता कशाला? त्या वेळी बरेचसे जंतू मेलेले असतात, पण चिवट तेवढे उरलेले असतात. औषध अर्धवट सोडले की ते पुन्हा डोके वर काढतात आणि कधी कधी त्यांना औषधाची सवय होऊन जाते. मग साध्या औषधांनी भागत नाही. शिवाय खोकणारा रुग्ण एकटा नसतो. त्याच्या खोलीत बायको असते, मुले असतात. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे.

घरी राहणाऱ्या रुग्णावर नजर कशी ठेवायची, हा प्रश्न नवा नाही. पूर्वी टीबी म्हटला की सॅनिटोरियम. आमच्याकडच्या जुन्या लोकांना मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव याच कारणाने ठाऊक आहे. १९५६ मध्ये मद्रास शहरात एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात गोळ्या दिल्या. वर्षभराचा निकाल १९५९ मध्ये छापून आला. घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झाली असेही दिसले नाही. त्या एका प्रयोगाने जगभरची सॅनिटोरियमे ओस पडायला सुरुवात झाली. पण त्या डॉक्टरांनाही ही धाकधूक होतीच. त्यांची माणसे न सांगता रुग्णाच्या घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवी तपासायला घेत.

यंत्राची कल्पनाही जुनी आहे. १९६२ मध्ये मोल्डिंग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी गोळ्यांचा एक डबा सुचवला. त्यात फोटोची फिल्म आणि किरणोत्सर्गी द्रव्याचा लहानसा कण. गोळी कधी काढली याची खूण फिल्मवर उमटायची. म्हणजे आपली डबी त्याच डब्याची नात म्हणायची. फरक एवढाच की हिच्यात किरणोत्सर्ग नाही, सिमकार्ड आहे.

पुढे १९९७ पासून आपल्याकडे 'डॉट्स' पसरले. आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत गोळी गिळायची, आठवड्यातून तीन दिवस. माझ्या ऐन उमेदीच्या काळात मी हे पाहिले आहे. पद्धत चांगली होती, पण मजुराचा अर्धा दिवस मोडायचा आणि बाईमाणसाला रोज कुठे जातेस याचे उत्तर द्यावे लागायचे. २०१७ पासून देशभर रोजच्या गोळ्यांचा उपचार आला. रोज डोळ्यांदेखत गोळी देणे आणखी कठीण, म्हणून फोनची मदत घेतली गेली. '९९ डॉट्स' ही त्यातली एक युक्ती आपल्याच देशात, बंगळुरूला तयार झाली. गोळ्यांचे पाकीट एका जाड कागदी पाकिटात घालायचे. गोळी ढकलून बाहेर काढली की मागे दडलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. फोन साधा असला तरी चालतो, पैसे पडत नाहीत. कोणता नंबर येणार ते आधी कळत नाही, म्हणून गोळी काढल्याशिवाय फोन करता येत नाही. मोठी हुशारीची गोष्ट. पण गोळी काढली म्हणजे गिळली असे नव्हे, हे इथेही आलेच. चेन्नई आणि मुंबईत संशोधक अचानक रुग्णांच्या घरी गेले, लघवी तपासली आणि फोनच्या नोंदीशी ताडून पाहिली. २०२० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फोन आला पण औषध घेतलेले नाही आणि औषध घेतले पण फोन केलेला नाही, असे दोन्ही प्रकार बरेच निघाले. हा दुसरा प्रकार मला जास्त बोलका वाटतो. गोळी इमानाने घेणारा माणूस फोनवर लाल दिसतो आणि उगाच बोलणी खातो.

मग हे सगळे फोल म्हणायचे का? तसे मी म्हणणार नाही. चीनमध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांवर असाच डबीचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. ज्या महिन्यांत पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त गोळ्या चुकल्या, अशा महिन्यांचे प्रमाण साध्या उपचारात सुमारे ३० टक्के होते, ते डबीमुळे १७ टक्क्यांवर आले. नुसते फोनवर संदेश पाठवून मात्र विशेष फरक पडला नव्हता. त्याच देशात पुढे आणखी एक मोठा प्रयोग झाला. त्याचा २०२३ मध्ये आलेला निकाल असा की, डबी दिल्याने शेवटी बिघडलेल्या रुग्णांची संख्या कमी झाली नाही. इंग्लंडमध्ये रुग्णाने गोळी गिळतानाचे चलचित्र फोनवर पाठवायचे, आणि पलीकडच्या कर्मचाऱ्याने ते पाहायचे, असे करून बघितले. २०१९ च्या अहवालात, पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक डोस नजरेखाली घेणारे फोनच्या गटात दहात सात होते, तर समोर जाऊन गोळी घेण्याच्या गटात दहात तीन. तिथे पलीकडे पाहणारे कोणीतरी होते आणि रुग्णाला ते माहीत होते. अमेरिकेत तर गोळीतच बारीक चकती घालून, पोटातल्या आम्लाने ती जागी होऊन छातीवरच्या पट्टीला खूण देते, इथपर्यंत मजल गेली. ती चकती बनवणारी कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली.

आपल्या वाचकांच्या घरोघरी एक उपकरण कपाटात पडून असेल. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. त्यामागची युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात शोधली. ते गृहस्थ २०२० च्या एप्रिलमध्येच वारले, नेमके त्यांच्या शोधाची जगाला सर्वांत जास्त गरज होती तेव्हा. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गावात कित्येक घरांतून मला रोज सकाळ-संध्याकाळ आकडे येत. ९४ च्या खाली आकडा आला की मी फोन करी, पुन्हा लावा म्हणून सांगे, आणि तरी वर येत नसेल तर खाट शोधायला लागे. नेहमी मिळे असे नाही. त्याही उपकरणाचे रुसवे-फुगवे होते. बोट गार असले, नखाला रंग किंवा मेंदी असली, तर आकडा चुकतो. काळ्या वर्णाच्या रुग्णांत ते ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवण्याचा संभव अधिक, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० च्या अखेरीस दाखवून दिले. पण तेव्हा आकडा आला की पलीकडे कोणीतरी धडपडत असे. म्हणून काही जीव वाचले.

टीबीच्या डबीचे अडते ते इथेच. लाल खूण दिसली की कुणी जायचे? एका एका कर्मचाऱ्याकडे कितीतरी गावे. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या भागात मराठवाड्यातून टोळ्या येतात. एका कोयत्यातला पुरुष माझ्याकडे आला होता. डबी त्याच्या गावी मिळालेली, माणूस इथे फडात. रेंज नाही, वर्दी जात नाही, आणि तिकडच्या कर्मचाऱ्याला दीड महिना लाल रंग दिसतोय. गोळ्या त्याने सगळ्या घेतल्या होत्या! संपायला आल्या म्हणून तो आला. मी तिकडच्या माणसाला फोन लावला, नाव इकडच्या केंद्राकडे वर्ग करून घेतले आणि पुढचे औषध इथेच मिळाले. हंगामाला निघण्याआधी कळवले असते तर हे दोन मिनिटांचे काम होते. आणि औषधच नसेल तर डबी काय करणार? २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात अनेक ठिकाणी टीबीच्या नेहमीच्या औषधांचा तुटवडा पडला होता. डबीतला दिवा तेव्हाही वेळेवर लागत होताच.

एक गोष्ट आणखी नाजूक आहे. नुकतेच लग्न झालेली एक मुलगी आईबरोबर आली. डबी नको म्हणाली. "सासरी आवाज झाला तर कशाची गोळी म्हणून विचारतील." तिच्या नवऱ्याला ठाऊक होते, सासूला नव्हते. मी आग्रह धरला नाही. डबीऐवजी नवऱ्यालाच रोज गोळी द्यायची जबाबदारी दिली आणि दर आठवड्याला फोन करायला सांगितले. त्याने एकदाही चुकवले नाही. पुढे तिसऱ्या महिन्यात तिने आपणहून सासूला सांगितले आणि सासू तिला घेऊन दवाखान्यात आली, ती स्वतःची तपासणी करून घ्यायला! दर वेळी असे होत नाही. टीबी झाला म्हणून माहेरी पाठवलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत.

डबीविषयी लोकांच्या मनात भलत्या शंका असतात. ती घरातले बोलणे ऐकत नाही. फोटो काढत नाही. तिच्यातून निघणाऱ्या लहरींनी अपाय होत नाही, खिशातल्या फोनपेक्षा ती गरीब आहे. तिची बॅटरी संपली, दिवा लागेना, तर औषध बंद करायचे नाही. गोळी चालूच ठेवायची आणि केंद्रावर कळवायचे. डबी घरात शोभेला ठेवू नका, जिथे माणूस असेल तिथे ती हवी. ठरवलेली वेळ सोयीची नसेल तर बदलून मागा, त्यात कमीपणा नाही. मळमळत असेल तर सांगा, त्यावर उपाय असतो. पण उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसू लागले किंवा नजर अंधूक झाली, रंग ओळखू येईनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. हे डबीला कळत नाही. आणि कॅलेंडर कितीही हिरवे असले तरी दोन महिन्यांनी आणि उपचाराच्या शेवटी बेडका तपासून घ्या. कोणाशी बोलावे हे समजत नसेल तर टीबीसाठी १८००-११-६६६६ हा सरकारी नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी बँक खात्यात पैसेही मिळतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. माझ्या पाहण्यात अनेकांनी खात्याचा नंबरच दिलेला नसतो.

आता टेंपोवाल्या गृहस्थांचे. त्यांचा नमुना ट्रूनॅट या यंत्रावर तपासला. हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र गोव्यातल्या कंपनीने बनवलेले आहे, आणि टीबी आहे का व रिफाम्पिसिन लागू पडेल का हे काही तासांत सांगते. तो निकाल येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. निकाल चांगला आला. औषधाला प्रतिकार नव्हता, नुसत्या गोळ्या चुकल्या होत्या. केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून उपचार पुढे चालू ठेवला आणि चुकलेले डोस भरून काढायचे ठरले. घरच्या तिघांचीही तपासणी केली. कोणालाच टीबी नव्हता. मुलीला आणि इतरांना प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या.

वेळ आम्ही बदलली. सकाळचे आठ रद्द केले. रात्री साडेआठला ते घरी जेवायला असतात, म्हणून जेवणानंतरची वेळ ठरवली. मुलीला मी दवाखान्यात बोलावून घेतले. ती घाबरली होती, तिला वाटले डबी उघडली म्हणून ओरडा बसणार. मी तिला म्हटले, "डबी तूच उघडायची, पण बाबा समोर बसले असतील तेव्हाच. आणि सकाळी त्यांना एक प्रश्न विचारायचा." प्रश्न कोणता ते सांगितल्यावर ती तोंडावर हात ठेवून हसत सुटली.

पुढच्या मार्चमध्ये उपचार संपला. शेवटचा बेडका स्वच्छ होता, वजन ५४ किलो. गृहस्थ पेढे घेऊन आले. तक्रार एकच होती. पहाटे चार वाजता टेंपो चालू करताना पोरगी दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडायची, "पप्पा, लाल झाली का?"